कॅपवरचा डाग साफ करूनही परत येतोय? आधी तो नेमका कुठे आहे ते बघा

मागच्या महिन्यात लॅबवर एक डबी आली. आत समोरच्या दाताची सिरॅमिक कॅप, कापून दोन तुकडे केलेली, आणि सोबत डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘पेशंट म्हणतो पिवळी पडली. नवीन करणे. शेड तीच.’ मी तुकडे अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाकले, चहा होईपर्यंत मशीन चालू ठेवलं आणि मग शेड गाइडच्या (दातांच्या रंगांच्या नमुना-पट्ट्यांच्या) ए२ पट्टीशेजारी धरले. तंतोतंत ए२. सहा वर्षांपूर्वी भट्टीतून काढली तेव्हा होती तशीच. पिवळेपणा होता तो वर बसलेल्या थराचा, आणि थर बसला होता हिरडीजवळच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या खरखरीत जागेवर. ती जागा पॉलिश केली असती तर भागलं असतं. त्याऐवजी धडधाकट कॅप कापली गेली.

मी डॉक्टर नाही. कॅप आणि व्हिनियर (दाताच्या समोरच्या बाजूला चिकटवायची पातळ चकती) बनवणाऱ्या लॅबमध्ये सिरॅमिस्ट, म्हणजे पोर्सिलेनचं काम करणारा कारागीर आहे. तोंडात काय चालतं ते मला दिसत नाही, पण तोंडातून परत आलेल्या कॅप्स रोज दिसतात. ओळखीतले लोक विचारतात तो प्रश्नही ठरलेला: ‘क्लीनिंग केलं की महिनाभर छान दिसतं, मग परत तेच. काय करू?’

घरातला चिनीमातीचा कप उलटा करून बघा. आतून रोज चहा पितो, तरी विसळला की पांढरा. बुडाची जी गोल कडा टेबलावर टेकते, तिथे झिलई नसते, आणि ती कडा तपकिरी झालेली असते. कितीही घासा, चार दिवसांत पुन्हा तशीच. दाताचं पोर्सिलेन म्हणजे याच घराण्यातला माल. झिलई शाबूत असेल तर चहा, हळद, कात, तंबाखू काहीही आत मुरत नाही. डाग परत परत येत असेल तर बहुतेकदा एक तर झिलई गेली आहे, नाही तर डाग पोर्सिलेनवर नाहीच. तो कडेच्या सिमेंटमध्ये, हिरडीखालच्या धातूत किंवा आतल्या दातात आहे. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि चुकीचा इलाज केला तर डाग वाढतो.

झिलई जाते कशी

आम्ही पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून ब्रशनं थर चढवतो, टिश्यूनं पाणी टिपतो, भट्टीत भाजतो. भाजल्यावर पोर्सिलेन आक्रसतं, म्हणून मुळात दात मोठाच घडवावा लागतो. सगळं जमलं की शेवटी बारीक रंगकाम: मानेजवळ किंचित बदामी छटा, टोकाला निळसर झाक, शेजारच्या दातावर असेल तशी एखादी पांढरी रेघ. त्यावर ग्लेझ, म्हणजे वर सांगितलेली झिलई, आणि शेवटची भट्टी. हे रंगकाम बहुतेक वेळा अगदी वरच्या थरात असतं. म्हणून जो माणूस कॅप खसाखसा घासतो, तो डागाबरोबर माझा रंगही घासून काढतो. मग तक्रार येते, ‘आधी शेजारच्या दाताशी जुळत होती, आता भिंतीच्या चुन्यासारखी दिसते.’

ग्लेझ पहिल्यांदा जातं ते बसवण्याच्या दिवशीच. चावताना उंच लागते म्हणून डॉक्टर डायमंड बरनं (हिऱ्याची भुकटी लावलेल्या फिरत्या टोकानं) थोडी घासतात. त्यात चूक काही नाही, ते करावंच लागतं. पण घासलेली जागा पुन्हा पॉलिश झाली नाही तर तिथे कपाच्या बुडासारखी कडा तयार होते. ‘लागतंय का? नाही? मग झालं,’ असं म्हणून पेशंट उठतो. दोन महिन्यांनी तिथेच डाग.

दुसरी वाट घरातून जाते. राखुंडी, कोळशाची पावडर, मिश्री, लाल दंतमंजन, मीठ, खायचा सोडा. आमच्याकडे गावाकडून आलेल्या कॅप्सवर मिश्रीचं काम भिंगाखाली लगेच ओळखू येतं: समोरच्या बाजूला बोटाच्या दिशेनं आडवे ओरखडे आणि प्रत्येक ओरखड्यात काळी रेघ. ‘व्हाइटनिंग’ किंवा धूम्रपान करणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टही फार खरबरीत असतात.

तिसरी वाट दवाखान्यातून जाते आणि ती बहुतेकांना माहीत नसते. दात किडू नयेत म्हणून लावतात त्या फ्लोराइड जेलचा एक प्रकार आम्लयुक्त असतो, १.२३ टक्क्यांचा. नैसर्गिक दाताला तो चांगला, पण पोर्सिलेनमधल्या काचेला खातो. याची गंमत अशी की आम्हीही हेच करतो, फक्त उलट्या बाजूनं. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ चकत्या शूटिंगपुरत्या चिकटवत; काम झालं की त्या निघत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं मुद्दाम खरखरीत करून रेझिन सिमेंटनं कायमची चिकटवायची पद्धत आली, आणि व्हिनियर हा टिकाऊ प्रकार झाला. आतल्या बाजूला जो खरखरीतपणा हवा, तोच बाहेर आला की डागाचं घर. रोजच्या साध्या फ्लोराइड टूथपेस्टची भीती मात्र बाळगू नका; ती वेगळी गोष्ट.

दहा मिनिटांत घरी करायची तपासणी

सकाळी ब्रश झाल्यावर खिडकीपाशी उभे राहा. ट्यूबलाइटखाली नको. हातात छोटा आरसा, टिश्यू आणि डेंटल फ्लॉस. ओठ वर करून कॅप टिश्यूनं कोरडी करा आणि आधी जीभ फिरवा, मग बघा.

जीभ शेजारच्या दातावर घसरते आणि कॅपवर अडखळते? मग पृष्ठभाग गेलाय किंवा वर कीटण बसलंय. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण सर्वांत जास्त जमतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. तिथे कॅप असेल तर पिवळेपणाचा दोष कॅपला देण्याआधी कीटण काढून घ्या.

फ्लॉस दोन दातांच्या मधून खाली नेऊन कॅपच्या कडेवरून वर ओढा. अडकतो, तुटतो, धागे निघतात, वास येतो? मग कड उघडी आहे किंवा बाहेर आलेली आहे.

कॅप कोरडी केल्यावर चकाकी दिसते, जीभ घसरते, फ्लॉस अडकत नाही, तरी रंग काळपट आहे? मग डाग आतून आहे. घासून काहीही होणार नाही. हे एवढं जरी ओळखता आलं तरी अर्धी पेस्ट आणि बरीच चिडचिड वाचते.

आणि जिभेवरही तपकिरी थर आहे का, ते बघायला विसरू नका. त्याचं कारण पुढे येतं.

वरून तपकिरी थर, जीभ अडखळते

हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सोपा प्रकार, पण बिघडवलाही सगळ्यात जास्त जातो. माणूस क्लीनिंगला जातो, कोणता दात खरा आणि कोणती कॅप हे सांगत नाही. कॅप चांगली जमलेली असेल तर घाईत डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही (आमच्यासाठी ती शाबासकीच). मग भरड प्युमिसच्या (दगडाच्या भुकटीच्या) पेस्टनं सगळ्या दातांबरोबर कॅपही घासली जाते. डाग जातो, ओरखडे वाढतात. पुढच्या वेळी डाग आधीपेक्षा लवकर येतो, म्हणून माणूस आधीपेक्षा लवकर क्लीनिंगला जातो. ‘क्लीनिंगमुळे कॅप खराब होते’ ही समजूत इथूनच निघाली असावी. खरं तर क्लीनिंग हवंच, फक्त नंतर पॉलिश हवं.

खुर्चीत बसल्याबसल्या सांगा: या या दातांवर कॅप आहे, कीटण काढायच्या अल्ट्रासोनिक मशीनचं टोक तिच्या कडेवर फिरवू नका, भरड पेस्ट नको, आम्लयुक्त फ्लोराइड जेल नको, लागलं तर न्यूट्रल (आम्ल नसलेलं) चालेल, आणि सिरॅमिक पॉलिशिंग किटनं पॉलिश करून द्या. असं सांगितल्यानं कोणी रागावत नाही. बहुतेक डॉक्टरांना बरंच वाटतं.

पॉलिशचा क्रम घरातल्या फरशीसारखा आहे. मोझॅइक घासताना कारागीर आधी जाड दगड लावतो, मग मध्यम, मग बारीक. मधला दगड गाळला तर जाड दगडाचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात, वर कितीही चमक आणा. सिरॅमिकला हिऱ्याची भुकटी घातलेली रबरी चाकं असतात. भरडापासून बारकापर्यंत, हलक्या हातानं, तापू न देता, आणि शेवटी डायमंड पेस्ट. नीट केलेलं पॉलिश ग्लेझच्या जवळपास पोचतं. झिरकोनियाच्या (एका कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅपबाबत माझं मत असं, की वरून चढवलेल्या ग्लेझपेक्षा नीट पॉलिश केलेली कॅपच जास्त काळ गुळगुळीत राहते. खरखरीत कॅपचा दुसरा तोटा डागापेक्षा मोठा आहे: समोरचा खरा दात ती कानशीसारखी झिजवते.

‘लॅबला पाठवून पुन्हा ग्लेझ करून घेऊ का?’ कॅप कायमच्या सिमेंटनं बसवलेली असेल तर ती अखंड निघणं कठीण. बहुतेकदा कापावीच लागते. तात्पुरत्या सिमेंटवर असेल आणि अलगद निघाली, तरी वर्षानुवर्षांचा ओलावा पोर्सिलेनमध्ये मुरलेला असतो. धातूवरचं पोर्सिलेन साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. त्या ओल्या कॅपला थेट तेवढी धग दिली की तडा जातो, बुडबुडे येतात किंवा ती राखाडी पडते. तासन्‌तास भट्टीच्या तोंडाशी सुकवून मी काही केल्या आहेत, काही फुटल्याही आहेत. जुन्या कॅपला आता मी सरळ नाही म्हणतो.

कडेला तपकिरी रेघ

पोर्सिलेन आणि दात यांच्या सांध्यात सिमेंट असतं, आणि व्हिनियरखाली असतं ते रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं. रेझिनला रंग लागतो. आमच्या सांगली भागात हळदीचं हे रोजचं आहे. एकदा आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पटेना, म्हणून मी एका वाटीत पातळ आमटीसारखं हळदीचं पाणी करून त्यात तीन तुकडे टाकले: ग्लेझ केलेलं पोर्सिलेन, सँडपेपरनं घासलेलं पोर्सिलेन आणि दातात भरतात त्या कॉम्पोझिटची, म्हणजे रेझिनच्याच मालाची गोळी. आठ दिवसांनी पहिला नळाखाली धरताच स्वच्छ. दुसऱ्याच्या चरांत पिवळं अडकलेलं, ते ब्रशनं बरंचसं निघालं. तिसरी गोळी लोणच्यातल्या फोडीसारखी झाली होती. ती घासून उपयोगच नव्हता.

रेघ केसाएवढी बारीक असेल, फ्लॉस अडकत नसेल, गार-गरम लागत नसेल, तर डॉक्टर कड पॉलिश करून ती बरीच कमी करू शकतात. फ्लॉस अडकत असेल, वास येत असेल किंवा गोड लागल्यावर कळ येत असेल तर रंगाची चिंता सोडा आणि एक्सरे काढून घ्या. तिथे आत कीड सुरू असण्याची शक्यता असते आणि वरून दिसते ती तिची सावली. अशी कॅप पांढरी करत बसण्यात अर्थ नाही.

हिरडीजवळ काळी रेघ

ही घासणारे लोक बघितले की वाईट वाटतं, कारण ही रेघ म्हणजे डाग नव्हेच. धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपमध्ये आत राखाडी धातूची टोपी असते, आपल्याकडे बहुतेक निकेल-क्रोमियमची. वयानं किंवा जोरात ब्रश केल्यानं हिरडी मागे सरकली की त्या टोपीची कड उघडी पडते. तुमची कॅप अशी आहे का, हे बघायला अंधाऱ्या खोलीत तोंड उघडून दाताच्या मागून छोटी टॉर्च मारा आणि दुसऱ्या कोणाला समोरून बघायला सांगा. शेजारचा दात उजळेल, धातूवाली कॅप काळीच राहील.

उपाय दोनच: राहू देणं किंवा बदलणं. हसताना ओठ तिथवर वर जात नसेल तर माझं मत राहू देण्याकडे. आरशात ओठ बोटानं वर उचलून बघितल्याशिवाय दिसत नाही, ती रेघ दुसऱ्या कोणाला दिसायचा प्रश्नच नाही.

व्हिनियर आतून राखाडी किंवा पिवळट

व्हिनियरची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. पातळ साडीतून परकराचा रंग दिसतो तसा खालच्या दाताचा आणि सिमेंटचा रंग वर येतो. काही सिमेंटं दोन घटक मिसळून घट्ट होणारी असतात; त्यांतल्या अमाइन नावाच्या रसायनामुळे ती काळानुसार पिवळट पडतात. म्हणून पातळ व्हिनियरला फक्त प्रकाशानं घट्ट होणारं सिमेंट बरं. हे आधी विचारायचं, नंतर नाही.

एकच दात हळूहळू राखाडी होत असेल तर त्याची नस मेली असण्याची शंका घ्यावी. वर्षांमागे कधी पडल्याचं, मार लागल्याचं आठवतंय का ते डॉक्टरांना सांगा. रूट कॅनल झालेला दात असेल तर मागच्या बाजूनं आत ब्लीच भरून तो उजळवता येतो, व्हिनियर न काढता. ही युक्ती बऱ्याच पेशंटना कोणी सांगितलेलीच नसते.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि लग्न ठरलं की मुलंमुली व्हिनियर करायला येतात. अशा गडद दातावर अगदी पातळ व्हिनियर मागू नका. खालचा पट्टा झाकायला अपारदर्शक थर लागतो आणि थराला जागा लागते. जागा न देता मागितलेली शेड आम्हाला देता येत नाही, आणि दिली तर ती महिनाभरात तुम्हालाच आवडेनाशी होते.

माउथवॉशचा घोळ

माझ्या मावशीचा खालचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या जोडकॅप्स) तपकिरी पडला. क्लीनिंग तीनदा झालं, तिन्ही वेळा दीड महिन्यात परत. ग्लेझ शाबूत, कडा बंद. मी चक्रावलो. शेवटी जीभ बघितली, तीही तपकिरी. हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांसाठी लिहून दिलं होतं. मावशी ते आठ महिने वापरत होती, ‘तोंड कसं स्वच्छ वाटतं’ म्हणून, आणि दिवसातून चार वेळा चहा. क्लोरहेक्सिडीन दाताला, कॅपला, जिभेला चिकटून बसतं आणि चहातल्या टॅनिनला धरतं. डॉक्टरांना विचारून ते बंद केलं, एकदा क्लीनिंग केलं, विषय संपला. लोहाच्या पातळ औषधानंही असं होतं. ते स्ट्रॉनं घेऊन वर चूळ भरावी.

ब्लीच, पट्ट्या, लिंबू-सोडा

कोणतंही व्हाइटनिंग पोर्सिलेनला पांढरं करत नाही. कार्बामाइड पेरॉक्साइड असो की हायड्रोजन पेरॉक्साइड, बदलतो तो खरा दात. त्यामुळे पट्ट्या लावून बसलं की शेजारचे दात उजळतात आणि कॅप आणखीच पिवळी वाटायला लागते. उलट, कॅप आहे तशीच आहे पण दहा वर्षांत बाकीचे दात गडद झालेत, असं असेल तर ब्लीच हाच योग्य इलाज: बाकीच्यांना कॅपच्या रंगावर आणायचं आणि तिथेच थांबायचं. लिंबू-सोड्यानं खऱ्या दातांचं इनॅमल झिजतं आणि कॅपच्या शेजारी कळ सुरू होते.

बिल किंवा वॉरंटी कार्डही एकदा काढून बघा. ‘व्हिनियर’ म्हणून केलेलं काम बरेचदा कॉम्पोझिटचं असतं. ते वाईट नाही, स्वस्त आणि दुरुस्त करायला सोपं; पण ते हळद पितं, आणि दर काही महिन्यांनी पॉलिश मागतं. पोर्सिलेनचे नियम त्याला लावले तर निराशाच पदरी पडेल.

बदलायचीच असेल तर

आधी ब्लीच करायचं असेल तर ते उरका, मग किमान दोन आठवडे थांबा. रंग स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि ब्लीचनंतर लगेच रेझिन नीट चिकटतही नाही. शेड दिवसाच्या उजेडात घ्यायला सांगा, लिपस्टिक पुसून, भडक रंगाची ओढणी-स्कार्फ बाजूला ठेवून. ‘एकदम पांढरी द्या’ म्हणू नका. लॅबमध्ये त्या शेडला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि शेड अपॉइंटमेंटच्या सुरुवातीलाच घेतली पाहिजे. अर्धा तास तोंड उघडं ठेवून कापसानं कोरडे झालेले दात असतात त्यापेक्षा फिके दिसतात. तेव्हा घेतलेली शेड आम्ही इमानदारीत बनवतो, संध्याकाळपर्यंत तुमचे दात पुन्हा ओले होऊन मूळ रंगावर येतात, आणि नवी कॅप त्यांच्यात पांढरीफटक उठून दिसते. मग डबी परत येते. या वेळी चिठ्ठीवर ‘फार पांढरी झाली’ असं असतं.